भरवशाचे दिवस

‘आम्ही गोळ्याबिळ्या काही घेत नाही हो काकू, आम्ही दिवस पाळतो,’ असं एखादी तरुण सून सांगते तेव्हा तिच्या आवाजात थोडा अभिमान असतो. आपल्या समाजात तर हमखासच असतो. औषध नाही, शरीरात परकं काही बसवणं नाही, दवाखान्याची पायरी नाही. संयमाचा मार्ग, म्हणजे धर्माच्या जवळचा मार्ग. ऐकणाऱ्या मोठ्या बायकाही माना डोलावतात. आणि मग वर्ष-दीड वर्षाने कळतं, धाकटं अजून अंगावर पीत असताना हिला पुन्हा दिवस गेले. मराठी भाषेची गंमत बघा, दिवस पाळणारीलाच दिवस जातात.

ह्या पद्धतीवर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. शंभरात किती जणींची फसते एवढं विचारलं की झालं. मला मात्र तो तेवढ्यावर संपलेला वाटत नाही. भरवसा कशावर? कॅलेंडरवर, शरीरावर, की शेजारी झोपणाऱ्या माणसावर? ही तीन उत्तरं वेगवेगळी आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो.

आधी शरीराचं बघू, कारण तिथेच निम्म्या जणी चुकतात. ‘पाळीनंतर चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे आपण शाळा-कॉलेजात कुठेतरी ऐकलेलं असतं आणि तेच धरून बसतो. खरं तर बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर दोन्हीकडून चौदाच येतात, म्हणून चूक लपून राहते. पण जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि ती बिचारी विसाव्या दिवशी ‘आता काही भीती नाही’ म्हणून निश्चिंत असते. शिवाय पुढची पाळी कधी येणार हे आज कोणाला ठाऊक? ताप येतो, घरात आजारपण निघतं, परीक्षा, लग्नघर, प्रवास, उपवास, सगळ्याचा परिणाम होतो. सुटलेलं बीज बारा ते चोवीस तास टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे धोका एका दिवसाचा नसतो, साधारण सहा दिवसांचा असतो, आणि त्यातले पाच बीज सुटायच्या आधीचे असतात. बीज सुटल्याचं नंतर कळतं, आधी फक्त अंदाज करायचा.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं मात्र नाही. आपल्याकडच्या ग्रंथांनी पहिल्या दिवसापासून सोळा रात्रींचा ऋतुकाळ सांगितला, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. आजच्या माहितीशी हे बरंचसं जुळतं. उलट एकोणिसाव्या शतकातले युरोपातले मोठमोठे डॉक्टर जनावरांच्या माजाशी तुलना करून पाळीच्या आसपास गर्भ राहतो असं समजत होते आणि मधले दिवस सुरक्षित म्हणून सांगत होते! त्या सल्ल्याने किती घरांत पाळणे हलले असतील कोण जाणे. पण आपल्या ऋतुकाळाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तो मूल व्हावं म्हणून सांगितला होता, होऊ नये म्हणून नाही. मूल हवं असताना एखादा महिना चुकला तर पुढचा असतो. नको असताना चुकला तर पुढचा नसतो.

ज्यांच्या नावाने ही मोजणी जगभर गेली त्या जपानच्या डॉ. ओगिनोंचंही असंच. त्यांनी 1924 मध्ये बीज सुटण्याच्या वेळेचा शोध मांडला, ऑस्ट्रियाच्या डॉ. क्नाउसनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला, आणि लोकांनी त्यातून संततिनियमनाची पद्धत काढली. ओगिनोंना स्वतःला हा उपयोग पसंत नव्हता. ही पद्धत फार फसेल आणि नको असलेले गर्भ वाढतील असं त्यांचं म्हणणं होतं.

आता टक्केवारी. ह्यात दोन आकडे असतात आणि ऐकवला जातो तो सोयीचा. एक आकडा ‘तंतोतंत पाळलं तर’ चा, दुसरा ‘माणसं पाळतात तसं पाळलं तर’ चा. पाळी 26 ते 32 दिवसांत नेमाने येणाऱ्या बाईने आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत बारा दिवस टाळायचे, ही एक सोपी रीत आहे. तंतोतंत पाळली तर शंभर जणींत वर्षाला पाच जणींना दिवस जातात, एरवी बारा जणींना. पाच वर्षांचा ढोबळ हिशेब केलात तर निम्म्याच्या जवळ जातो. निरोधचे आकडे असेच दोन आणि तेरा. गोळ्यांचे एकाच्याही आत आणि सात. तांबीचा मात्र दोन्हीकडे एकाच्या आतबाहेरच, कारण एकदा बसवली की रोज पाळण्याचा प्रश्नच उरत नाही. काहीच न करणाऱ्या शंभरातल्या पंच्याऐंशींना वर्षात दिवस जातात, हेही शेजारी ठेवलं पाहिजे. म्हणजे दिवस पाळणं अगदी निरुपयोगी आहे असं कोणी म्हणू नये.

सगळ्यात चांगला निकाल आहे तो रोजचं तापमान आणि अंगावरचं पांढरं, दोन्ही बघून मोजणाऱ्या बायकांचा. जर्मनीत नऊशे बायकांचा असा मोठा अभ्यास झाला. त्यात वर्षाला शंभरात दोनाहूनही कमी जणींची मोजणी फसली. हे वाचून मला खरोखर कौतुक वाटलं. मग ती रीत नीट वाचली. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, बोलायच्याही आधी तापमान घ्यायचं, आणि त्यापूर्वी सलग काही तास झोप झालेली हवी. अर्ध्या डिग्रीच्या आतबाहेरचा तो फरक असतो. तो लिहून ठेवायचा, पांढऱ्याचा चिकटपणा बघून तोही लिहायचा, आणि कोणाकडून तरी हे आधी शिकून घ्यायचं. आता आपल्या घरातली सून डोळ्यांसमोर आणा. बाळ रात्री दोनदा उठलेलं, पाचला नळाचं पाणी, सहाला दूधवाला, सासऱ्यांना बस्तीला जायच्या आधी गरम पाणी. ती थर्मामीटर तोंडात धरून पडून राहील का? आणि राहिली तर सासूबाई दाराबाहेरून काय विचारतील! जर्मन बाईचा आकडा खरा आहे, पण तो तिच्या सकाळचा आकडा आहे. आपल्या सकाळी तो जसाच्या तसा लागू होत नाही.

आजकालच्या मुली म्हणतात, मोबाइलवर ॲप आहे, ते हिरवा-लाल दाखवतं. पुष्कळशी ॲपं मागच्या पाळ्यांची सरासरी काढून पुढचा अंदाज सांगतात, म्हणजे आजीचं भिंतीवरचं कॅलेंडरच, फक्त रंगीत. पीसीओएस असलेली, नुकतीच बाळंत झालेली, चाळिशी उलटून पाळी मागेपुढे होऊ लागलेली, ह्या सगळ्यांना ते अंदाज कामाचे नाहीत. आणि अंगावर पाजणाऱ्यांनी तर फार जपावं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरच पिणारं आणि पाळी अजिबात आलेली नाही, ह्या तिन्ही गोष्टी असतील तोवर संरक्षण चांगलं असतं. त्यातली एक जरी सुटली तर ‘पाळी आली की बघू’ म्हणून थांबू नये, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. पाळी न येताच दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बायका आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत एक तरी असतेच. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

ह्या देशाने हा प्रयोग सरकारी पातळीवरही करून पाहिला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. स्वातंत्र्यानंतर राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री होत्या. त्या गांधीजींच्या शिष्या, कृत्रिम साधनं त्यांना मान्य नव्हती. मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले डॉ. अब्राहम स्टोन आले आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि आपल्याच कर्नाटकातल्या रामनगरात, पुढे ‘शोले’ जिथे चित्रित झाला त्या गावात, बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा आला तर चालेल, लाल आला तर नाही. त्या माळांच्या कितीतरी हकिकती सांगितल्या जातात. अंधारात रंग कळेना, म्हणून मण्यांचे आकार बदलावे लागले. कोणी मणी उलटे सरकवले. कोणी माळ ताईतासारखी गळ्यात घातली आणि आपलं रक्षण झालं असं समजल्या. ह्या हकिकती हसण्यावारी नेल्या जातात, खेडवळ बायकांचं अज्ञान म्हणून. मला हसू येत नाही. आपण जपमाळ ओढणाऱ्या बायका. मणी ओढायला कोणी शिकवायला नको. अंधारात लाल मणी हाताला लागला असता तरी त्या बाईने पुढे काय करायचं होतं? नवऱ्यापुढे माळ धरायची होती?

अलीकडे तशीच माळ ‘माला चक्र’ नावाने पुन्हा आली आहे. बत्तीस मणी, एक लाल, बाकी तपकिरी, आणि जपायच्या बारा दिवसांचे पांढरे. ते पांढरे मणी आता अंधारात चमकतात. मण्यांची अडचण सुटली म्हणायची.

अंधारातल्या त्या दुसऱ्या अडचणीबद्दल गांधीजी स्पष्ट बोलले होते. डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. गांधीजींनी साधनं नाकारली. संयमच हवा म्हणाले. बायकांनी नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकलं पाहिजे असंही म्हणाले. सुरक्षित दिवसांच्या पद्धतीकडे त्यांचं मन थोडं झुकलं, कारण निदान त्यात संयमाचा अंश आहे. तिकडे मुंबईत र. धों. कर्वे 1921 पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि ‘समाजस्वास्थ्य’मधून साधनांचाच पुरस्कार करत होते. त्यासाठी नोकरी गेली, खटले सोसले. लहानपणापासून आपण गांधीजींना पूज्य मानतो आणि कर्व्यांचं नाव हळू आवाजात घेतो. पण वयाच्या ह्या टप्प्यावर मला वाटतं, ‘नाही म्हणायला शिक’ असं बाईला सांगणं सोपं होतं. ती नाही म्हणाल्यावर पुढे रात्री काय होतं, त्याची तजवीज कर्व्यांच्या केंद्रात होती.

आता आपल्या धर्माकडे येते, कारण खरा पेच तिथे आहे. साधन वापरण्यात हिंसा आहे, दिवस पाळण्यात नाही, असं आपण धरून चालतो. पण आपल्या आचार्यांनी काय सांगितलं आहे? मैथुनातच असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा होते, असं. त्यांनी तिथे पाचवा दिवस आणि विसावा दिवस असा भेद केलेला नाही. म्हणजे सुरक्षित दिवस बाईच्या पोटासाठी सुरक्षित असेल, जीवांसाठी नाही. ज्यांना ती हिंसा टाळायची आहे त्यांच्यासाठी पूर्ण ब्रह्मचर्याचा मार्ग आहे आणि तो घेणाऱ्यांपुढे मी हात जोडते. पण आपण अणुव्रती, संसारी माणसं. आपल्याला स्वदारसंतोष सांगितला आहे. संसारात राहून हिंसा कमीत कमी कशी होईल एवढंच आपल्या हातात असतं, आणि तिथे कसोटी सांगितली आहे ती प्रमादाची. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. बेफिकिरीने, गाफीलपणे जिवाला इजा होणं.

मग सांगा, प्रमाद कुठला? पंचेंद्रिय जीव गर्भात येऊ नये अशी खात्रीची तजवीज करणं, की शंभरात बारा वेळा फसणाऱ्या मोजणीवर सोडून देणं आणि फसली की गुपचूप औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणं? हे दुसरं आपल्या घरांत होतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या, चौमासात हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरांत होतं. आणि डॉक्टरला न दाखवता त्या गोळ्या घेतल्याने रक्त जाऊन जाऊन जिवावर बेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तांबीलाही काहीजणी भितात, आत राहिलेला जीव मारते म्हणून. डॉक्टरांचं सांगणं असं की तांबं मुख्यतः शुक्राणूंनाच निकामी करतं, बीजाशी गाठ पडू देत नाही. तरी कोणाचं मन घेत नसेल तर निरोध आहे, पुरुषाची नसबंदी आहे. बायकांच्या ऑपरेशनपेक्षा ती सोपी, पोट उघडावं लागत नाही. पण 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत बायकांचं ऑपरेशन शंभरातल्या अडतीस जोडप्यांत झालेलं होतं आणि पुरुषांचं शंभरात अर्ध्यातही नाही. संयमाचा मार्ग आपण पत्करला म्हणतो, तेव्हा कोणी पत्करला तेही विचारायला हवं.

‘पुरुषाला जमत नाही हो,’ असं बायकाच म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे पाळीचे चार दिवस बाजूला बसायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. ती चांगली की वाईट ह्यावर मी दुसरीकडे लिहिलं आहे, इथे नको. पण त्या चार दिवसांत एकही नवरा कुरकुर करत नाही. दशलक्षणाचे दहा दिवस पाळतो, अष्टान्हिकात पाळतो, अष्टमी-चतुर्दशी पाळणारेही आहेत. म्हणजे जमतं! जमतं कारण सगळ्या घराला माहीत असतं, घराचा धाक असतो, धर्माचं नाव असतं. पाळीच्या पहिल्या दिवसाची बातमी स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत पोचते, आणि आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे बारा दिवस मात्र एकट्या बाईच्या डोक्यात असतात. तिथे ना घर तिच्या बाजूला, ना कायदा. नवऱ्याने जबरदस्ती केली तर कायदा आजही तिला बलात्कार म्हणत नाही. त्यात ह्या बारा दिवसांत कित्येकींना स्वतःलाच ओढ जास्त वाटते. ते बोलायची आपल्यात पद्धत नाही, पण म्हणून ते खोटं नाही.

आणि फसल्यावर? 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात जोडप्याने वापरलेलं साधन किंवा पद्धत फसली तर तेही एक कारण मानलं आहे. कायदा म्हणतो, पद्धत फसली. घर म्हणतं, हिची मोजणी चुकली. ‘तुला साधे दिवस मोजता येत नाहीत?’ हे वाक्य मी शिकलेल्या घरांतही ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्याने एकदाही कॅलेंडरकडे पाहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना असे तीन प्रकार सांगतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि होताना पाहून मान डोलावलेलं. तिन्हींचा बंध लागतो. मला ह्यातल्या तिसऱ्याची धास्ती वाटते. ‘दिवस पाळा, तेच बरं’ असा सल्ला नव्या सुनेला देणारी मी, तिच्या घरात तिच्या ‘नको’ला किंमत आहे का हे न विचारता दिला, तर पुढच्यात माझा वाटा उरतोच. म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तारीख कोण लिहून ठेवतं? बहुतेक जणी म्हणतात, मीच की, दुसरं कोण? अशांना मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे पाठवते, जमलं तर नवऱ्यासकट.

एकीने मात्र वेगळं उत्तर दिलं. निपाणीकडची, माहेर चिकोडीचं, शेती आणि दोन म्हशी असलेलं घर. म्हणाली, ‘हेच लिहितात. दुधाच्या वहीत, मागच्या पानावर.’ आठव्या दिवशी तो स्वतःच अंथरूण उचलून सोप्यात जातो, म्हणे म्हशीला जपायचंय. म्हातारीला वाटतं मुलगा किती कष्टाळू. सहा वर्षं अशी गेली. मग तिची पाळी मागेपुढे होऊ लागली, थायरॉइड निघाला. वहीतले आकडे जुळेनात तेव्हा त्यालाच आधी कळलं. तोच म्हणाला, आता ह्या वहीचं काही खरं नाही, दवाखान्यात जाऊन येऊ. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, काय ठरलं मग? हसली. म्हणाली, ‘त्यांचं ऑपरेशन झालं काकू. दोन दिवस म्हशीचं मी बघितलं.’